टर्मिनलमधून फायरफॉक्स हाताने बसवताना (उबुंटू २४.०४)

पाटाचं_पाणी

आमच्या गावच्या वाचनालयात तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्हींवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी तासभर तिथे बसतो आणि त्यांचं काय दुखतंखुपतं ते बघतो. मागच्या आठवड्यात तिन्हींवरचा फायरफॉक्स काढून टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, दुसऱ्या पद्धतीने बसवला. दोन संध्याकाळी गेल्या. ज्या ठिकाणी वेळ गेला ते मराठीत एका जागी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

उबुंटूवर फायरफॉक्स आधीपासून असतो, मग परत कशाला? आमच्याकडे इंटरनेट दिवसातून दोनतीनदा तरी जातं. म्हणून मुलांच्या कामाची पानं, म्हणजे गणिताचे स्वाध्याय, व्याकरण, जुन्या प्रश्नपत्रिका, मी एचटीएमएल करून तिन्ही मशीनवर /एसआरव्ही या फोल्डरात ठेवली. कुणीही लॉगिन केलं तरी मिळावीत हा हेतू. टेक्स्ट एडिटर त्या फाइली उघडत होता. परवानग्या बरोबर होत्या. फायरफॉक्स मात्र फाइल मिळत नाही म्हणत होता.

शोधल्यावर कळलं की उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो. २०२१ च्या ऑक्टोबरातल्या २१.१० आवृत्तीपासून तो तसा द्यायला सुरुवात झाली, आणि २२.०४ पासून नेहमीचं डेब पॅकेज नावापुरतंच उरलं. स्नॅप कुंपणाच्या आत चालतो. आपल्या होम फोल्डरातल्या न लपवलेल्या फाइली त्याला दिसतात, बाकीची डिस्क बहुतेक दिसत नाही. /टीएमपी सुद्धा त्याला स्वतःचं वेगळं मिळतं. ब्राउझर दिवसभर अनोळखी साइटी उघडतो, त्यामुळे असं कुंपण असणं चांगलंच आहे. पण आमची पानं नेमकी कुंपणाबाहेर होती.

मी निवडला तो मार्ग फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी रेपोचा. एपीटी म्हणजे उबुंटूवर पॅकेजं बसवणारं साधन, आणि रेपो म्हणजे ते जिथून पॅकेजं घेतं ते भांडार. २०२४ च्या जानेवारीत, आवृत्ती १२२ पासून, मोझिला डेबियन आणि उबुंटूसाठी स्वतः डेब पॅकेज देते. पूर्ण ओळी मोझिलाच्या मदतपानावर आहेत, त्या तिथूनच बघा. मी इथे प्रत्येक ओळ काय करते ते सांगतो. कमांड मुद्दाम उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. वेबपानावरून उचलून चिकटवलेल्या मजकुरात दिसतं त्याहून जास्त काही लपवलेलं असू शकतं, आणि पुढे सुडो असलं की ते सगळं रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने चालतं. शब्द न् शब्द टाइप केला की आपण काय करतोय ते हातालाही कळतं.

पहिलं काम किल्लीचं. मोझिलाची सहीची किल्ली उतरवून /ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज या फोल्डरात ठेवायची. रेपोतल्या यादीवर मोझिलाची सही असते, एपीटी ती या किल्लीने तपासतं. किल्लीच खोटी असेल तर पुढची सगळी तपासणी वाया. म्हणून जीपीजी या सह्या-किल्ल्या तपासायच्या साधनाने किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी अक्षरं) काढून मदतपानावरच्या ठशाशी ताडायचा. ४० अक्षरं आहेत, ३५बीए ने सुरू होतात आणि १५ए३ वर संपतात. पण फक्त टोकं बघून सोडू नका. वाचनालयात अकरावीची एक मुलगी बसली होती, तिला फोनवरच्या पानावरून चार-चार अक्षरं मोठ्याने वाचायला लावली आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत गेलो. दहा गट, दहाही जुळले. मग तिने विचारलं, एक जरी चुकलं असतं तर? तर फाइल पुसून तिथेच थांबलो असतो.

दुसरं काम, /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये मोझिलाच्या रेपोचा पत्ता लिहायचा. त्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ असतं. त्याचा अर्थ, ही किल्ली फक्त याच रेपोपुरती मानायची. जुन्या लेखांत ‘एपीटी-की ॲड’ सांगितलेलं असतं, त्याने किल्ली सगळ्याच रेपोंसाठी मान्य व्हायची. ते आता करू नका.

तिसरं काम मी पहिल्या संध्याकाळी केलंच नाही, आणि तिथेच अडकलो. जुना स्नॅप काढला, ‘सुडो एपीटी अपडेट’ दिलं, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स’ दिलं, आणि डोळ्यांदेखत परत स्नॅपच उतरायला लागला. परत काढला, परत तेच. मग ‘एपीटी-कॅशे पॉलिसी फायरफॉक्स’ दिलं तेव्हा उलगडा झाला. तिथे दोन आवृत्त्या दिसत होत्या. मोझिलाची साधी, नेहमीच्या आकड्यांची. उबुंटूची मात्र ‘१:१स्नॅप१’ अशी सुरू होणारी. विसर्गासारख्या त्या दोन टिंबांच्या आधीचा आकडा म्हणजे इपॉक. एपीटी तुलना करताना आधी इपॉक बघतं. मोझिलाच्या क्रमांकाला इपॉक नाही, म्हणजे तो शून्य धरला जातो. त्यामुळे मोझिलाची आवृत्ती कितीही पुढे गेली तरी एपीटीच्या हिशोबात उबुंटूचं ते रिकामं पॅकेजच नवीन ठरतं, आणि ते रिकामं पॅकेज बसताना स्नॅप ओढून आणतं.

यावर उपाय पिनचा, म्हणजे कुठल्या रेपोला प्राधान्य द्यायचं ते एपीटीला ठरवून सांगायचं. /ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी मध्ये ‘मोझिला’ नावाची फाइल करून तीन ओळी लिहायच्या: सगळी पॅकेजं, उगम पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग, प्राधान्य १०००. हा १००० आकडा उगाच नाही. आधी बसलेलं पॅकेज क्रमांकाने मोठं असलं तरी ते उतरवून लहान क्रमांकाचं बसवायची मुभा एपीटीला १००० पासून पुढेच मिळते. आता इन्स्टॉल दिल्यावर ‘डाउनग्रेड’ असा शब्द दिसेल, तो बरोबर आहे, होकार द्यायचा.

शेवटी खात्री. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ लिहा, तिथे ‘ॲप्लिकेशन बायनरी’च्या पुढे नेमका कुठला फायरफॉक्स चालू आहे त्याचा मार्ग दिसतो. त्यात ‘स्नॅप’ हा शब्द असेल तर अजून जुनाच चालू आहे.

/एसआरव्ही मधली पानं आता तिन्ही मशीनवर उघडतात. काही चुकलं असेल तर सांगा.


मधली_सुट्टी

फार उपयोगी धागा. मी प्राथमिक शाळेत शिकवते, आमच्याकडे एकच उबुंटू मशीन आहे आणि टर्मिनल मी आजवर उघडलेलं नाही. आज तुमचं वाचून उघडलं. पहिलीच सुडोची कमांड दिली तर पासवर्ड विचारला, आणि मी टाइप करतेय तर काहीच उमटत नाही. टिंबंही नाहीत. कीबोर्ड बदलून पाहिला, मशीन बंद करून चालू केलं, तेच. मशीन खराब झालंय का?


चाकोरी

ताई, मशीन ठणठणीत आहे. टर्मिनल पासवर्ड उमटवतच नाही, टिंबंसुद्धा नाहीत, म्हणजे मागे उभ्या असलेल्याला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये. दिसत नसलं तरी अक्षरं आत जातात. टाइप करून एंटर द्या. चुकलं तर तो परत विचारेल. एकच काळजी: कीबोर्ड मराठीवर असेल तर तो आधी इंग्रजीवर आणा. न दिसणाऱ्या जागी देवनागरी अक्षरं जातात आणि ‘पासवर्ड चुकीचा’ येत राहतं. आमच्या ऑफिसात हे दोनदा झालंय.


मधली_सुट्टी

कीबोर्ड मराठीवरच होता! झालं. धन्यवाद.


जुनी_खिडकी

मी रेपोच्या वाटेला न जाता थेट मोझिलाच्या साइटवरून टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) उतरवली. एका जुन्या मराठी ब्लॉगवर दिल्याप्रमाणे ‘टार एक्सजेएफ’ दिलं तर बीझिप२ म्हणतं, ही बीझिप२ फाइल नाहीच. तीनदा उतरवली. माझं नेट खराब आहे की फाइल?


चाकोरी

दोन्ही ठीक आहेत, ब्लॉग जुना आहे. फायरफॉक्सच्या लिनक्स फाइली पूर्वी ‘टार.बीझेड२’ असायच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या १३५ पासून त्या ‘टार.एक्सझेड’ झाल्या, आकाराने लहान आणि उलगडायला झटपट. तुमच्या कमांडमधलं ‘जे’ हे अक्षर टारला सांगतं की बीझिप२ समज. ते काढूनच टाका. नुसतं ‘टार एक्सएफ’ आणि फाइलचं नाव द्या, टार आपलं आपण ओळखतं.

आणि तिसऱ्यांदा उतरवण्याआधी मोझिलाच्या डाउनलोड फोल्डरात ‘एसएचए२५६सम्स’ नावाची फाइल असते ती बघायची. ‘एसएचए२५६सम’ कमांडने आपल्या फाइलचा आकडा काढायचा आणि त्या यादीतल्या आकड्याशी लावून बघायचा. जुळला की फाइल पूर्ण उतरली आहे. नेटला दोष द्यायची गरज उरत नाही, आणि डेटाही वाचतो.


जुनी_खिडकी

आकडा पहिल्याच फाइलचा जुळला. म्हणजे दोन वेळा उगाच उतरवली. आता उलगडलं. पुढे ब्लॉग म्हणतो, फोल्डर /ऑप्ट मध्ये हलवा आणि /यूएसआर/लोकल/बिन मध्ये लिंक करा. करू का?


पाटाचं_पाणी

हो, ते अजूनही बरोबर आहे. /ऑप्ट ही वितरणाबाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरची ठरलेली जागा. आणि /यूएसआर/लोकल/बिन पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/बिन आणि /स्नॅप/बिन यांच्या आधी येतं, त्यामुळे ‘फायरफॉक्स’ म्हटलं की तुमचाच उघडतो. ‘टाइप -ए फायरफॉक्स’ दिलं की किती फायरफॉक्स आहेत आणि कुठला आधी सापडतो ते दिसेल. मेनूत चिन्ह येण्यासाठी ‘.डेस्कटॉप’ फाइल वेगळी लागते, तीही मोझिला देते, /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये ठेवा.


चाकोरी

थांबा, एक महत्त्वाचं राहतंय. टारवाला फायरफॉक्स एपीटीला माहीतच नाही. तो अपडेट कोण करणार? तो स्वतःच स्वतःला अपडेट करतो, पण त्यासाठी चालवणाऱ्याला त्या फोल्डरात लिहायची परवानगी हवी. /ऑप्ट/फायरफॉक्स वर ‘एलएस -एल’ देऊन मालक कोण ते बघा. तुम्ही आधी स्वतःच्या खात्यातून उलगडून मग ‘सुडो एमव्ही’ने हलवला असेल तर मालक तुम्हीच राहता आणि अपडेट होतो. मालक रूट असेल तर फायरफॉक्स आपणहून अपडेट होऊ शकणार नाही, आणि महिन्याभरात तो जुना झालेला असेल. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते, आणि प्रत्येकीत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. बँकेचं काम त्याच ब्राउझरवर करणार असाल तर हे सोडून चालणार नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. फोल्डर तुमच्या मालकीचा असेल तर तुमच्या खात्यातून चालणारा कुठलाही प्रोग्राम ब्राउझरच्या फाइली बदलू शकतो. एकट्याच्या घरच्या मशीनवर मी ते चालवून घेईन. दहा जण वापरतात त्या मशीनवर नाही.


जुनी_खिडकी

मालक मीच आहे, आणि मशीन फक्त माझं. ठेवतो असंच.

एक पिवळी पट्टी पण येत होती, जेव्हा मी आधी होम फोल्डरातूनच चालवून बघितला, की सुरक्षेच्या काही सोयी या सिस्टिमवर कमी पडतील.


चाकोरी

ती उबुंटू २४.०४ वर येते. ॲपआर्मर, म्हणजे उबुंटूचा सुरक्षा-पहारेकरी, आता साध्या प्रोग्रामांना यूजर नेमस्पेस (स्वतःसाठी वेगळी बंदिस्त जागा) करू देत नाही, आणि फायरफॉक्स आपलं आतलं कुंपण त्यावरच उभं करतो. ठरावीक जागी बसलेल्या ब्राउझरसाठी सूट आहे, होम फोल्डरातल्यासाठी नाही. तिथेच ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी ॲपआर्मरची छोटी प्रोफाइल लिहावी लागते, मोझिलाच्या मदतपानावर ती तयार आहे. पट्टी बंद करून पुढे जाऊ नका.

पाटाचं पाणी, तुम्हालाही हेच अपडेटचं विचारायचं होतं. वाचनालयात अपडेट कोण करतं?


पाटाचं_पाणी

रेपो जोडलाय ना, उबुंटू आपोआप अपडेट करतं त्यात होईल.


चाकोरी

नाही होणार. उबुंटूचं ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ फक्त त्याच्या यादीतल्या उगमांचीच पॅकेजं आपोआप घेतं, आणि त्या यादीत उबुंटूची स्वतःची सुरक्षा-दुरुस्ती असते. तुम्ही जोडलेला बाहेरचा रेपो त्यात नसतो. म्हणजे अपडेटची खिडकी उघडेल, पण कुणीतरी बटण दाबून पासवर्ड द्यायला हवा. स्नॅप मात्र आपला आपण अपडेट होत होता. तुम्ही ती सोय काढली, तिच्या जागी दुसरी लावायला हवी.

‘सुडो अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग’ देऊन बघा. प्रत्यक्षात काही बसवत नाही, काय बसवलं असतं ते सांगतं.


पाटाचं_पाणी

आज संध्याकाळी देऊन बघितलं. तुमचं बरोबर. मान्य उगमांची यादी छापून आली, त्यात मोझिला नाही. मुलांचे लॉगिन सुडो नसलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यापैकी कुणी बटण दाबलं असतं तरी काही झालं नसतं. मी महिनाभर गावाला गेलो असतो तर तिन्ही मशीन तशाच जुन्या राहिल्या असत्या, आणि त्याच मशीनवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. हे लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये वेगळी फाइल करून ‘ओरिजिन्स-पॅटर्न’मध्ये ‘साइट=पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग’ लिहिलं. परत ड्राय-रन दिला, आता यादीत मोझिला दिसतो. मूळ धाग्यात हे चौथं काम म्हणून धरा, आणि माझ्या मते इतर तिन्हींपेक्षा हेच जास्त जरुरीचं.


सांजपाखरू

मदत हवी आहे, जरा घाईत. पाटाचं पाणी यांचं वाचून स्नॅप काढला आणि मोझिलाचा बसवला. बसला छान. पण माझे सगळे बुकमार्क आणि पासवर्ड गेले. सात वर्षांचे बुकमार्क होते, माझ्या पीएचडीचे सगळे दुवे त्यात. सिंक कधी चालू केलं नव्हतं. परवा गाइडना यादी द्यायची आहे.


चाकोरी

आधी हे सांगा: स्नॅप काढताना ‘सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स’ एवढंच दिलं होतं की पुढे ‘--पर्ज’ (डेटासकट पुसणं) पण? आणि कधी काढला? तोवर मशीनवर बाकी काही साफसफाई करू नका.


सांजपाखरू

एवढंच दिलं होतं. पर्ज नाही. काल रात्री.


चाकोरी

मग बहुतेक मिळेल. पर्ज न देता स्नॅप काढला की स्नॅपडी, म्हणजे स्नॅप सांभाळणारा प्रोग्राम, त्याच्या डेटाची एक प्रत आपणहून बाजूला ठेवतं, आणि ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ती ३१ दिवस राहते. ‘स्नॅप सेव्हड’ द्या. फायरफॉक्सच्या नावाची ओळ दिसेल, तिच्या पुढे क्रमांक असेल. तो इथे सांगा.


सांजपाखरू

आहे! क्रमांक ३. आकार एक जीबीच्या जवळपास.


चाकोरी

छान, डेटा आहे. आता शांतपणे या क्रमाने. एक, स्नॅप फायरफॉक्स परत बसवा, पण उघडू नका. दोन, ‘सुडो स्नॅप रिस्टोअर ३’. तीन, होम फोल्डरात स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला/फायरफॉक्स बघा, तिथे विचित्र अक्षरांनी सुरू होणारं एक फोल्डर असेल, तीच तुमची प्रोफाइल. आधी ती अख्खी पेनड्राइव्हवर उतरवा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

चार, दोन्ही फायरफॉक्स बंद ठेवून ते फोल्डर होममधल्या .मोझिला/फायरफॉक्स मध्ये कॉपी करा. मग मोझिलाचा फायरफॉक्स ‘अबाउट:प्रोफाइल्स’ वर उघडा, नवीन प्रोफाइल करताना ‘फोल्डर निवडा’ म्हणून हे कॉपी केलेलं दाखवा, आणि तीच मुख्य ठरवा. २०१९ मधल्या ६७ पासून फायरफॉक्सची प्रत्येक स्थापना स्वतःची वेगळी प्रोफाइल धरते, त्यामुळे नुसतं फोल्डर तिथे ठेवून तो ते उचलेल असं नाही.

जर ‘तुमची प्रोफाइल नव्या आवृत्तीने वापरली आहे’ अशा अर्थाचं काही आलं तर थांबा. म्हणजे स्नॅपची आवृत्ती मोझिलाच्या बसवलेल्या आवृत्तीपेक्षा पुढची होती. आधी एपीटीने अपडेट करा, मग उघडा. जुन्या फायरफॉक्सने नवी प्रोफाइल उघडू नये.


सांजपाखरू

तिसऱ्या पायरीपर्यंत आले. फोल्डर मिळालं. पेनड्राइव्हवर उतरतंय. यात बुकमार्क कुठली फाइल? नुसती तीच घेतली तर?


पाटाचं_पाणी

बुकमार्क आणि इतिहास ‘प्लेसेस.एसक्यूलाइट’मध्ये. पासवर्ड ‘लॉगिन्स.जेसन’ आणि ‘की४.डीबी’ या दोन्ही मिळून. एकटी लॉगिन्स नेली तर ती उघडणारी किल्ली मागे राहते आणि काहीच दिसत नाही. शिवाय ‘बुकमार्कबॅकअप्स’ नावाचं फोल्डर आहे, त्यात फायरफॉक्स आपणहून बुकमार्कच्या प्रती ठेवत असतो. पण अर्धवट उचलाउचली करू नका, अख्खं फोल्डरच न्या. चाकोरी सांगतायत तसंच.

आणि तुमची माफी मागतो. मूळ धाग्यात ‘जुना स्नॅप काढला’ एवढंच लिहिलं, आधी बुकमार्क बाहेर काढून ठेवा हे लिहायला हवं होतं. वाचनालयात मुलांना बुकमार्क ठेवायला देत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही.


सांजपाखरू

मिळाले. सगळे. पासवर्डपण. एका फोल्डरात ‘वाचायचं राहिलं’ म्हणून २०१९ सालचे दुवे आहेत, ते पाहून रडायलाच आलं. आत्ता लगेच लायब्ररी उघडून बुकमार्क एचटीएमएलमध्ये काढले आणि स्वतःलाच मेल केले. चाकोरी, तुमचे किती आभार मानू?


दूरदेशी

मी टोरांटोत असतो, रत्नागिरीला आईबाबांकडे एक जुना छोटा लॅपटॉप आहे, त्यावर हलकं लिनक्स टाकून दिलं होतं. व्हिडिओ कॉलवर बाबांना टर्मिनल उघडायला लावून टार फाइल बसवली तर ‘कान्ट एक्झिक्यूट, एक्झेक फॉरमॅट एरर’. बाबा टाइप करतात अतिशय नेटकं, चूक त्यांची नाही.


चाकोरी

‘यूनेम -एम’ द्यायला सांगा. ‘आय६८६’ आलं तर सिस्टिम ३२-बिट आहे आणि तुम्ही ६४-बिटची फाइल दिली. ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती १४४, ऑक्टोबर २०२५ ची. त्यापुढे १४५ पासून नाही. ईएसआर १४० ही जास्त काळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी शाखा मोझिलाने ३२-बिटसाठी किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत धरली आहे.

पण त्याआधी ‘एलएससीपीयू’ द्यायला सांगा. ‘सीपीयू ऑप-मोड’च्या ओळीत ६४-बिट पण दिसलं तर प्रोसेसर ६४-बिटचा आहे, फक्त त्यावर ३२-बिटचं लिनक्स टाकलेलं आहे. रॅम कमी म्हणून त्या काळात बरेच जण तसं करायचे.


दूरदेशी

बाबांनी ओळ वाचून दाखवली, ३२-बिट, ६४-बिट दोन्ही आहे! म्हणजे पुढच्या सुट्टीत गेलो की ६४-बिट लिनक्स टाकतो. तोवर ईएसआर.


एक_वाचक

मराठी मेनू कसा आणायचा? आमच्या आजोबांना इंग्रजी मेनू नको आहेत.


पाटाचं_पाणी

मोझिलाच्या रेपोतून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स-एल१०एन-एमआर’, मग सेटिंग्जमध्ये भाषा मराठी निवडा. टार घेत असाल तर डाउनलोडच्या पानावर भाषा मराठी निवडूनच उतरवा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही, ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ बसवा.


बोरकूट

धागा उशिरा वाचला. मला मुळातच वेगळं वाटतं. पाटाचं पाणी, तुमची अडचण इतकीच होती की ब्राउझरला /एसआरव्ही दिसत नाही. त्यासाठी ब्राउझर बदलायची गरज नव्हती. स्नॅपला डिस्क दिसत नाही, पण नेटवर्क दिसतं, आणि त्यात तुमचं स्वतःचं मशीनही आलं. ‘पायथॉन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर --बाइंड १२७.०.०.१ --डिरेक्टरी /एसआरव्ही’ दिलं की त्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर चालू होतो आणि पानं ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० वर मिळतात. इंटरनेट नसतानाही. कुंपणही राहतं, अपडेटही आपोआप होतो, सांजपाखरू यांच्यासारखा प्रसंगही टळतो.

बाइंड विसरू नका, नाहीतर वायफायवरच्या सगळ्यांना फोल्डर उघडं होतं. हा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवण्याच्या लायकीचा नाही, हे पायथॉनवालेच सांगतात. एका मशीनच्या आत मात्र पुरेसा आहे.


पाटाचं_पाणी

हे मला सुचलंच नाही. दोन संध्याकाळी मी किल्ल्या आणि पिन यांत घालवल्या आणि एका ओळीचं उत्तर समोर होतं. तरी केलेलं उलटवत नाही, कारण दोन मशीनवर सगळं नीट बसलंय आणि अपडेटची व्यवस्थाही लागली. तिसऱ्यावर मात्र उद्या स्नॅप परत बसवून तुमची पद्धत लावतो. मशीन चालू झालं की सर्व्हर आपोआप सुरू व्हायला काय करू? मुलांना टर्मिनल उघडायला लावायचं नाहीये.


बोरकूट

सिस्टमडीची (मशीन चालू होताना प्रोग्राम सुरू करणाऱ्या भागाची) एक छोटी सर्व्हिस फाइल, /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टिम मध्ये. ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये वरची ओळ पायथॉनच्या पूर्ण मार्गासकट, आणि ‘डायनॅमिकयूजर=यस’ लिहा म्हणजे तो रूट म्हणून चालणार नाही. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ’ आणि सर्व्हिसचं नाव.


पाटाचं_पाणी

झालं. मशीन बंद करून चालू केलं, अकरावीच्या त्याच मुलीला बसवलं आणि राउटरची वायर काढली. तिने होमपेज उघडलं, प्रश्नपत्रिकांची यादी आली. तिने २०२२ ची गणिताची काढली आणि वही उघडली. आता दोन मशीन एका पद्धतीने, एक दुसऱ्या पद्धतीने, परीक्षा होईपर्यंत असंच चालवतो. कुठलं कमी त्रास देतं ते याच धाग्यावर लिहीन.